शाळेचा हक्क वहीत कधी चढला?



बचत गट सुरू झाला की आपण सगळ्यात आधी एक गोष्ट शिकतो. एखादी म्हणाली, "पुढच्या महिन्यात देते गं," तर तो झाला वायदा. तेच पैसे वहीत तिच्या नावावर चढले, रक्कम पडली, तारीख पडली, सही किंवा अंगठा झाला, की ते झालं देणं. वायदा मोडला तर आपण फार तर रुसतो. वहीतली नोंद असली तर बैठकीत उभं राहून मागता येतं.

आपल्या लेकरांच्या शाळेचंही या देशात असंच झालेलं आहे. गरिबाच्या पोराला, दलित आणि आदिवासी वस्तीतल्या पोराला, आणि सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या पोरीला शाळा मिळेल, हा वायदा फार जुना. वहीत नोंद मात्र १ एप्रिल २०१० या दिवशी झाली. मधल्या काळात काय झालं, कुणी मागितलं, कुणी नाकारलं, आणि नोंद झाली तरी वहीचं कुठलं पान अजून कोरं आहे, हे आज आपण पाहणार आहोत. थोडा इतिहास आहे, पण तो आपल्याच घरचा आहे.

सारा भरतो कोण आणि शिकतो कोण?

सुरुवात पुण्यातून करू. १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई तिथं शिकवायला उभ्या राहिल्या. तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या कामात फातिमा शेख यांचीही साथ होती. हे आपल्याला ठाऊक आहे, ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हारही घालतो. पण जोतीरावांनी पुढं केलेलं एक काम आपल्याकडं कमी सांगितलं जातं.

१८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला एक आयोग नेमला. हंटर साहेब त्याचे अध्यक्ष, म्हणून त्याला हंटर आयोग म्हणतात. जोतीरावांनी त्या आयोगाला लेखी निवेदन दिलं. त्यातला मुद्दा कोणत्याही शेतकरी बाईला पटेल असा होता. सरकारची तिजोरी भरते ती रयतेच्या घामातून, शेतसाऱ्यातून. आणि ती रिकामी होते वरच्या वर्गाच्या मुलांच्या मोठ्या शिक्षणावर. ज्याच्या खिशातून पैसा येतो त्याच्या पोराला साधी गावातली शाळाही नाही. म्हणून त्यांनी मागणी केली की निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

'सक्तीचं' या शब्दाकडं नीट बघा बरं का. ऐकायला कडक वाटतो. पण सक्ती आली की सरकारलाही शाळा काढावी लागते, मास्तर नेमावा लागतो. शाळाच नसेल तर सक्ती कसली करणार? म्हणून ही मागणी जितकी आईबापाला होती, त्याहून जास्त सरकारला होती. आयोगानं ती काही मान्य केली नाही.

पण दोन राजांनी आपापल्या संस्थानात ते करून दाखवलं. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लावला. त्यात मुलीही होत्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे मोठी रक्कम. दोन वर्षांनी, १९१९ साली, अस्पृश्य मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सगळ्यांच्याच शाळेत बसवावं असा हुकूम त्यांनी काढला. म्हणजे शाळा नुसती असून भागत नाही, ती एकच असली पाहिजे, एकाच बाकावर बसवलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं होतं.

इंग्रजांच्या मुलखात मात्र घोडं पुढं जाईना. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते फार बेताचं होतं. सक्ती आधी मुलग्यांनाच, मुलींना पुढं कधीतरी. तेवढंही सरकारला आणि बड्या जमीनदारांना नको झालं. १९१२ साली मतदान झालं. विरोधात ३८ मतं, बाजूनं १३. विधेयक पडलं.

घटनेतून गळालेला एक शब्द

स्वातंत्र्य जवळ आलं. घटना समितीचं काम सुरू झालं. मूलभूत हक्कांचा मसुदा करणाऱ्या उपसमितीत हंसाबेन मेहता आणि राजकुमारी अमृत कौर या दोन बायाही होत्या. सुरुवातीला विचार असा होता की मोफत प्राथमिक शिक्षण हा हक्क म्हणूनच लिहावा. पण १९४७ मध्येच तो हक्कांच्या यादीतून काढून मार्गदर्शक तत्त्वांच्या यादीत टाकला गेला.

या दोन याद्यांतला फरक म्हणजे आपल्या वहीतला आणि वायद्यातला फरक. मूलभूत हक्क मोडला तर कोर्टात जाता येतं. मार्गदर्शक तत्त्व म्हणजे सरकारनं कारभार करताना डोळ्यांसमोर ठेवायची गोष्ट. ती पाळली नाही म्हणून कोर्टात दाद मागता येत नाही.

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमावर चर्चा झाली. मसुद्यातलं वाक्य सुरू होत होतं ते प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, अशा अर्थाच्या शब्दांनी. लक्ष्मीकांत मैत्र यांनी सुचवलं की हे शब्द काढा, कारण ही यादी हक्कांची नाही, धोरणाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती सूचना मान्य केली. हक्काचा शब्द गळाला. उरलं ते एवढंच की घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. हेच पुढं घटनेचं कलम ४५ झालं.

त्याच दिवशी दुसरी एक सूचना आली होती. 'शिक्षण' न म्हणता 'प्राथमिक शिक्षण' म्हणा, म्हणजे सरकारवरचा बोजा कमी होईल. ती मात्र बाबासाहेबांनी मानली नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चौदा वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवायचं नाही, असं आपण घटनेत दुसरीकडं लिहितो आहोत. मग कामावर न जाणारं ते पोर दिवसभर कुठं असणार? शाळेतच असलं पाहिजे. म्हणून शिक्षणाची हद्द चौदा वर्षांपर्यंतच हवी.

मैत्रिणींनो, आज आपली लेकरं हक्कानं आठवीपर्यंत शाळेत बसतात, त्यामागं हा चौदाचा आकडा आहे. तो त्या दिवशी खाली आला असता, तर हक्काची शाळा चौथी-पाचवीलाच संपली असती. हा आकडा ध्यानात ठेवा, शेवटी आपण पुन्हा त्याच्याकडं येणार आहोत.

घटनेनं आणखीही काही गोष्टी पक्क्या लिहिल्या. कलम १७ नं अस्पृश्यता बंद केली. सरकारी किंवा सरकारी अनुदानाच्या शाळेत धर्म, जात, भाषा यांवरून कुणाला प्रवेश नाकारता येणार नाही, हे कलम २९ मध्ये आलं. बायका आणि मुलांसाठी सरकार खास सोय करू शकेल, हे कलम १५ मध्ये आलं. अनुसूचित जाती-जमाती आणि दुर्बल घटकांच्या शिक्षणाची विशेष काळजी घ्यावी, हे कलम ४६ मध्ये आलं.

पण लागलीच अडचण उभी राहिली. मद्रास राज्यात कॉलेजच्या जागा जातवार वाटून देण्याचा सरकारी हुकूम होता. तो सर्वोच्च न्यायालयानं १९५१ साली रद्द केला. मग मागं राहिलेल्यांना जागा राखायच्या कशा? त्याच वर्षी संसदेनं घटनेत पहिली दुरुस्ती केली आणि कलम १५ मध्ये चौथा भाग जोडला. सामाजिक आणि शैक्षणिक दृष्ट्या मागास वर्गांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी खास तरतूद करता येईल, असं त्यात आलं. आज कॉलेजात, नर्सिंगला, डी.एड.ला ज्या राखीव जागा आपल्या पोरींना मिळतात, त्यांची मुळी तिथं आहे. पुष्कळांना वाटतं ही कुणी केलेली मेहेरबानी आहे. तसं नाही. ज्या शर्यतीत एकाला शंभर वर्षं आधी सोडलं, तिथं दुसऱ्याला निदान धावायला जागा देणं, एवढाच त्याचा अर्थ.

दहा वर्षांची झाली साठ

१९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांमागं जेमतेम नऊ बायांना लिहिता-वाचता येत होतं. पुरुषांमध्ये सत्तावीस. इथून आपली चाल सुरू झाली.

दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली. वायदा पुरा झाला नाही. शाळा वाढल्या हे खरं. गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळा झाल्या, आश्रमशाळा झाल्या, शिष्यवृत्त्या आल्या. पण शाळा असणं आणि पोरगी त्या शाळेत टिकणं यात अंतर राहिलं. घरी पाठचं भावंड सांभाळायचं, पाणी भरायचं, खुरपायला जायचं, आणि मग वेळ उरला तर शाळा. हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी स्वतः भोगलं आहे.

१९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगानं देशाच्या शिक्षणाचा अभ्यास केला. त्यानं दोन मोठ्या गोष्टी सांगितल्या. एक, राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत. दोन, शेजारशाळा असावी, म्हणजे एका वस्तीतली सगळी पोरं, सावकाराचं आणि सालगड्याचं, एकाच शाळेत जावीत. सहा टक्क्यांचं बोलणं तेव्हापासून प्रत्येक धोरणात आहे, २०२० च्या धोरणातही आहे. गाठलं मात्र अजून नाही. शेजारशाळेचं तर उलटच झालं. पैसेवाल्यांची शाळा वेगळी, बिनपैशांची वेगळी.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्त्रियांच्या समानतेसाठी शिक्षण हा विषय पहिल्यांदा ठळकपणे आला. त्यातूनच खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शक्यतो त्यातली एक बाई. शाळेत बाई शिक्षिका असली की आई पोरीला निर्धास्त धाडते, ही गोष्ट सरकारी कागदावर आली.

आपल्या महाराष्ट्रातही उपाय झाले. मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. गावाबाहेर शिकायला जाणाऱ्या मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळू लागला. मागास तालुक्यांत मानव विकासच्या निळ्या गाड्या खास मुलींसाठी धावू लागल्या. या सगळ्या योजना कामाच्या आहेत. पण योजना सरकार देतं आणि सरकारच बंद करू शकतं. तिच्यामागं हक्क नसेल तर आपण विनंतीच करू शकतो.

नोंद झाली ती कोर्टाच्या दारातून

१९९२ साली सर्वोच्च न्यायालयापुढं एक प्रकरण आलं. मोहिनी जैन नावाच्या मुलीला कर्नाटकातल्या खाजगी मेडिकल कॉलेजनं भरमसाट पैसे मागितले होते. न्यायालयानं म्हटलं की शिक्षण हा घटनेनं दिलेला हक्क आहे. पुढच्याच वर्षी, १९९३ साली, उन्नीकृष्णन खटल्यात मोठ्या खंडपीठानं ते जास्त नेमकं केलं. कलम २१ मध्ये जगण्याचा हक्क आहे. माणसासारखं जगायचं तर शिक्षण हवं. म्हणून चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा मूलभूत हक्कच आहे. दहा वर्षांचा वायदा चाळीस वर्षं रेंगाळला, हेही न्यायालयानं सरकारच्या नजरेला आणून दिलं.

मग २००२ साली संसदेनं ८६ वी घटनादुरुस्ती केली. घटनेत कलम २१-क आलं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, आणि हे आता हक्कांच्या यादीत. १९४८ साली गळालेला शब्द ५४ वर्षांनी परत आला. पण अंमल करायचा तर कायदा पाहिजे. तो २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. यालाच आपण शिक्षण हक्क कायदा म्हणतो, कुणी आरटीई म्हणतं.

या कायद्यात आपल्या उपयोगाचं काय आहे ते सावकाश ऐका. ज्यांना लिहिता येतं त्यांनी टिपून घ्या.

जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आधीच्या शाळेचा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी नाकारू शकत नाही. वर्ष सुरू होऊन गेलं असलं तरी प्रवेश द्यावा लागतो. शाळेत कधीच न गेलेलं किंवा मध्येच सुटलेलं पोर त्याच्या वयाच्या मुलांच्या वर्गात बसवायचं आणि त्याला जादा शिकवून वर आणायचं. मुलाला मारायचं नाही, त्याचा अपमान करायचा नाही. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं.

हे स्वच्छतागृहाचं छोटं वाटतं. पण पाळी आल्यावर पोरगी महिन्यातले चार दिवस शाळा का चुकवते आणि मग अभ्यासात मागं का पडते, हे आईला विचारा. कायद्याच्या कागदावर ती ओळ यायला देशाला साठ वर्षं लागली.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मैत्रिणींसाठी तर हा कायदा फार महत्त्वाचा. दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली की पोरं कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यातच परततात. जिथं राहाल तिथल्या शाळेनं त्यांना घेतलंच पाहिजे, आणि परत आल्यावर गावच्या शाळेनंही. पोरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ती वेळेवर सुरू होते का, हे विचारायचं काम मात्र आपलं.

खिचडीच्या पातेल्यातला न्याय

आता एक गोष्ट आपल्या हातची. शाळेतली खिचडी. शाळेत जेवण देण्याची केंद्राची योजना १९९५ साली सुरू झाली. पण बऱ्याच ठिकाणी जेवण शिजायचंच नाही, महिन्याला कोरडा तांदूळ वाटून मोकळे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हुकूम दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवणच द्यायचं. आपल्याकडं खेड्यापाड्यांत हे शिजवण्याचं काम पुष्कळ ठिकाणी बचत गटांकडं आलं.

२००४ साली त्याच खटल्यात न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. यामागचा विचार आपल्याला समजायला पुस्तक लागत नाही. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, यावर तर आपली गावं शेकडो वर्षं चालली. एका पंगतीत, एका पातेल्यातलं, दलित बाईनं शिजवलेलं जेवण गावातली सगळी पोरं रोज खातात, तेव्हा पुस्तकातल्या धड्याच्या आधी तो धडा होतो. जिथं अजून कुजबूज होते, पोरांना डबा देऊन धाडलं जातं, तिथं गटानं बोललं पाहिजे. आपणच गप्प बसलो तर पोरं आपलंच बघून शिकतील.

वही पुसायला निघाले तर?

नोंद एकदा झाली म्हणजे कायमची झाली असं समजू नका. कायद्यात अशी तरतूद आहे की खाजगी विनाअनुदानित शाळेनं पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फी सरकार भरणार. खाजगी शाळा याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१२ साली न्यायालयानं तरतूद योग्य ठरवली, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांना तेवढी सूट दिली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या २५ टक्क्यांतून मोकळीक. हिशेब केला तर बहुतेक खाजगी शाळा सुटल्याच असत्या. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जुलै २०२४ मध्ये न्यायालयानं तो बदल रद्द केला. पालकांना हे का जमलं? कारण हक्क वहीत होता. नुसती योजना असती तर मोर्चा काढून घरी यावं लागलं असतं.

चौदाच्या पुढचं कोरं पान

आता त्या चौदाच्या आकड्याकडं परत येऊ.

बाबासाहेबांनी ज्या आकड्यानं पोरांना फडावरून, कारखान्यातून ओढून शाळेत बसवलं, तोच आकडा आज हक्काची शेवटची हद्द झाला आहे. हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो आणि चौदाव्या वर्षी, आठवीला संपतो. सहाच्या आधी अंगणवाडी आहे, पण घटनेत ते पुन्हा 'राज्य प्रयत्न करील' याच शब्दांत. चौदाच्या पुढं तर काहीच लिहिलेलं नाही. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण म्हणतं की २०३० पर्यंत सगळी मुलं बारावीपर्यंत शिकतील. चांगलं आहे. पण धोरण म्हणजे वायदा, आणि वायद्याचा अनुभव आपल्याला आहे. दिव्यांग मुलांसाठी २०१६ च्या कायद्यानं सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलेला आहे. म्हणजे अठराचा आकडा कायद्यात लिहिता येतो. मनात असलं तर होतं.

आणि ही हद्द नेमकी कुठं येते बघा. गावात शाळा आठवीपर्यंत, पुष्कळ वस्त्यांवर तर चौथीपर्यंतच. नववीची शाळा मोठ्या गावात. मध्ये ओढा, डोंगर, वेळेवर न येणारी गाडी. पोरगी तेव्हा वयात आलेली. घरात म्हणतात, "एवढं शिकली पुरे, आता जग कसं आहे." मग शेतात रोजंदारी, आणि दोन वर्षांत पाहुणे. लग्नाचं वय कायद्यानं अठरा, हक्काची शाळा चौदाला संपते. मधली चार वर्षं पोरीला धरायला कायद्याचा हात नाही. तिथं तिला धरू शकतो तो गट.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या शंभर बायांमागं शहात्तर साक्षर होत्या, पुरुष अठ्ठ्याऐंशी. नऊवरून निघालेल्या देशात आपण इथवर आलो, हे लहान काम नाही. पण उरलेल्या बायका कुठल्या वस्तीत आहेत, कुठल्या घरात आहेत, हे आपल्याला नावानिशी ठाऊक आहे.

आम्ही गटांच्या वह्या तपासतो तेव्हा कर्जाचं कारण या रकान्याकडं मुद्दाम बघतो. तिथं शेळी असते, बियाणं असतं, दवाखाना असतो, लग्न असतं. शिक्षण असतं तेव्हा पुष्कळदा ते मुलाचं असतं. मुलीच्या नववी-दहावीसाठी, तिच्या वसतिगृहासाठी, सायकलसाठी घेतलेलं कर्ज दिसलं की आम्ही ते बैठकीत मोठ्यानं वाचतो. टाळ्या वाजवायला नाही, तर बाकीच्यांनाही कळावं की यासाठीही कर्ज मागता येतं.

आपण काय करायचं?

पहिलं, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असले पाहिजेत आणि समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. दुर्बल घटकांतल्या पालकांनाही जागा आहे. ही समिती शाळेचा आराखडा करते, आलेल्या पैशावर लक्ष ठेवते, शिक्षक वेळेवर येतात का ते बघते. पुष्कळ गावांत बायांची नावं कागदावर असतात आणि सह्या घरी येऊन घेतल्या जातात. घरी आलेल्या कागदावर सही करू नका. बैठकीला जा, इतिवृत्त वाचून घ्या, मग सही.

दुसरं, तोंडी मागू नका. स्वच्छतागृहाला कडी नाही, शिक्षक नाही, गाडी येत नाही, जे काय असेल ते लेखी अर्जात लिहा. मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. अर्जाची दुसरी प्रत काढा आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. आपण बँकेत पावतीशिवाय पैसे भरत नाही, तसंच हेही.

तिसरं, कमी पट आहे म्हणून वस्तीवरची शाळा बंद करायचं किंवा दुसऱ्या शाळेत मिळवायचं बोलणं निघालं, तर ग्रामसभेत आधी एकच प्रश्न विचारा. लहान पोरगी ते अंतर रोज कशी जाणार? एक किलोमीटरचा नियम आपण आत्ताच ऐकला. महिला ग्रामसभेत ठराव घ्या आणि तो ग्रामसभेच्या वहीत चढवा.

चौथं, या महिन्याच्या बैठकीत आपल्या गटातल्या सगळ्या घरांची एक यादी करा. आठवीत कोण मुली आहेत? नववीला त्या कुठं जाणार? कशानं जाणार? अडचण पैशाची आहे, गाडीची आहे की घरच्यांच्या मनाची? प्रत्येकीच्या नावापुढं ते लिहा. पासचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज कुणी भरायचा, तिचंही नाव लिहा. निकाल लागून पंधरा दिवस झाले की त्याच यादीवर पुन्हा बसा.

ही यादी गटाच्या वहीतच करा, सुट्या कागदावर नको. सुटा कागद चुलीपाशी जातो. अध्यक्ष आणि सचिवांनी खाली तारीख टाकून सही करावी, आणि जूनच्या बैठकीत तीच वही उघडून पहिलं नाव वाचावं.